एसी बसवण्याआधी त्याच्या पाण्याची वाट ठरवा

एसी घेताना आपण टनाचा विचार करतो, स्टारचा करतो, हप्त्यांचा करतो. यंत्रातून रोज जे पाणी बाहेर पडणार आहे ते कुठून आणि कुठे जाणार, हा प्रश्न मात्र बहुतेक घरांत मेकॅनिक भिंतीला ड्रिल लावून उभा राहिल्यावरच निघतो. तोपर्यंत इनडोअर युनिटची जागा पलंगाच्या आणि कपाटाच्या सोयीने ठरलेली असते, विजेचा पॉइंट काढून झालेला असतो, आणि मग ड्रेन पाइपला मिळेल तशी वाट काढून दिली जाते. प्रथमच एसी बसवणाऱ्यांनी हा क्रम उलटा करावा, म्हणजे पाणी जिथे सोडायचे ते ठिकाण आधी ठरवावे आणि इनडोअरची जागा त्यानंतर निवडावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

हा आग्रह अनुभवातून आला आहे. कोल्हापुरात मंगळवार पेठेतील आमच्या जुन्या घरात पहिला एसी बसवला, तेव्हा ड्रेन पाइप पोटमाळ्याच्या कडेने नेऊन एका तुळईवरून पलीकडे उतरवला होता. तुळईच्या अलीकडे पाइपला झोळ आला होता, पण तो कुणाच्या लक्षात आला नाही. एप्रिलच्या कोरड्या हवेत पाणी थोडे असल्यामुळे ते कसेबसे पलीकडे जात राहिले, आणि झोळात मात्र धूळ व बुळबुळीत घाण साचत गेली. जून लागला, पाणी वाढले आणि वाट बंद झाली. ते पाणी समोर ठिबकले असते तर लगेच कळले असते, पण ते भिंतीच्या बाजूने आत उतरत राहिले. कपाट हलवले तेव्हा मागच्या पांढऱ्या मातीच्या भिंतीचा गिलावा हाताने सुटून येत होता आणि आईच्या शालूच्या घडीवर बुरशी धरली होती. पाइप मुळात दोन इंच खालून नेला असता तर यातले काहीच झाले नसते.

पाणी येते कुठून आणि किती

हवेत वाफेच्या रूपाने पाणी असतेच. इनडोअर युनिटमधील कॉइल, म्हणजे तांब्याच्या नळ्या आणि पातळ पत्र्यांची जाळी, चालू स्थितीत साधारण ५ ते १२ अंश सेल्सिअस इतकी थंड असते आणि खोलीतील हवा तिच्यावरून जाताना दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील वाफेचे पाणी होऊ लागते त्याच्या, खाली गेली, की थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात तसे थेंब कॉइलच्या पत्र्यांवर जमतात. हे थेंब खालच्या ड्रेन ट्रेमध्ये पडतात आणि तिथून केवळ उताराच्या जोरावर पाइपवाटे बाहेर जातात. भिंतीवरच्या नेहमीच्या स्प्लिट एसीमध्ये पाणी ढकलणारा पंप नसतो, त्यामुळे उतार चुकला तर पाणी पुढे नेणारे दुसरे काहीच त्यात नाही.

आपल्याकडे या पाण्याचे प्रमाण ऋतूप्रमाणे फार बदलते. एप्रिलमधील दुपारी तापमान ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर त्या हवेचा दवबिंदू ११ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे कॉइलवर पाणी जेमतेम धरते. पावसाळ्यात तापमान २७ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २४ अंशांच्या वर जातो आणि तीच कॉइल पाण्याने निथळू लागते. मे महिन्यात वळीव पडून गेल्यानंतरची संध्याकाळसुद्धा अशीच असते. म्हणून उन्हाळ्याच्या भर कोरड्या दिवसांत बसवलेला एसी आठ दिवस ठिबकला नाही, एवढ्यावरून त्याचा ड्रेन बरोबर आहे असे समजू नये.

दीड टनाचे यंत्र पूर्ण क्षमतेने चालताना सुमारे ५.३ किलोवॉट उष्णता काढते. दमट हवेत त्यातील चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे १.३ किलोवॉट, केवळ वाफेचे पाणी करण्यात खर्च होतो असे धरू. एक लिटर पाणी जमण्यासाठी सुमारे ०.६८ किलोवॉट-तास उष्णता काढावी लागते, त्यामुळे हिशेब ताशी दोन लिटरांच्या जवळ जातो. इन्व्हर्टर एसी खोली थंड झाल्यावर वेग कमी करतो, म्हणून प्रत्यक्षात पाणी यापेक्षा कमी निघेल, पण दमट रात्री आठ तासांत बादली भरू शकते हे ध्यानात ठेवून पाइपची आखणी करावी. ड्राय मोडवर एसी लावला तरी पाणी निघतेच, कारण हवेतील ओल काढणे हेच त्या मोडचे काम आहे.

आधी टोक ठरवा

पाणी सोडण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे न्हाणीघरातील किंवा बाल्कनीतील जाळीची मोरी, अंगणातील झाडाचे आळे किंवा उघड्यावरची अशी जागा, जिथून पाणी वाहून जाते. पाइपचे टोक मोरीच्या जाळीच्या वर किमान दोन इंच मोकळे राहावे, ते जाळीच्या आत किंवा साचलेल्या पाण्यात बुडालेले नसावे. टोक बुडाले की पाइपमधील हवेला बाहेर पडायला वाव राहत नाही आणि पाणी अडखळते.

तीन ठिकाणी हा पाइप जोडू नये. पहिले ठिकाण म्हणजे संडासाची किंवा सांडपाण्याची बंद लाइन. तिच्यात पाइप थेट खुपसला तर गटाराचा वास त्याच वाटेने खोलीत येतो आणि त्या वायूंमधील हायड्रोजन सल्फाइडमुळे तांब्याची कॉइलही हळूहळू खराब होते. दुसरे ठिकाण म्हणजे गच्चीचे पावसाचे पाणी उतरवणारा पाइप. तयार उभा पाइप समोर दिसतो म्हणून मेकॅनिकला तिथे जोड देण्याचा मोह होतो, पण जुलैत मुसळधार पावसाने तो पाइप भरून वाहू लागला, किंवा खाली कचऱ्याने तुंबला, की पाणी उलटे चढून खालच्या मजल्यावरील इनडोअरमध्ये शिरू शकते. तिसरे ठिकाण म्हणजे मोकळी हवा. खालच्या मजल्याच्या गॅलरीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांवर किंवा वीजमीटरच्या पेटीवर पागोळी पडत असेल, तर पाणी घराबाहेर गेले एवढ्याने काम झाले असे मानता येत नाही. अपार्टमेंटमधील भांडणांचे हे नेहमीचे कारण आहे, आणि दहा-बारा फूट जास्तीचा पाइप घेतला तर ते टळते.

पेठांतील जुन्या, दगड-मातीच्या किंवा पांढऱ्या मातीच्या भिंतींबाबत अधिक काळजी घ्यावी. सिमेंटच्या भिंतीवर पाणी ओघळले तर शेवाळ आणि डाग येतात, मातीच्या भिंतीत तेच पाणी दरजा धुऊन काढते. अशा घरांत पाइप भिंतीपासून सुटा ठेवून जमिनीपर्यंत उतरवावा आणि टोक पायापासून दूर वळवावे. सखल भागातील तळमजल्यावर राहणाऱ्यांनी आपले गटार पावसाळ्यात कुठवर भरते हे आठवावे आणि टोक त्या पातळीच्या वर ठेवावे.

उतार मोजून घ्या

एक मीटर आडव्या लांबीला किमान एक सेंटिमीटर उतार हवा. मी स्वतः दोन सेंटिमीटर धरतो, कारण भिंती सरळ नसतात आणि पाइपही कालांतराने थोडा वाकतो. समजा इनडोअरपासून टोकापर्यंत चार मीटर आडवे अंतर आहे, तर सुरुवात आणि शेवट यांत आठ सेंटिमीटरांचा फरक पडला पाहिजे. फॉल्स सीलिंगच्या आतून पाइप न्यायचा असेल तर हे आठ सेंटिमीटर आणि पाइपची स्वतःची जाडी एवढी जागा तिथे खरोखर आहे का, हे पीओपीचे काम सुरू होण्याआधी टेप लावून पाहावे. सीलिंग झाल्यावर हा फरक काढायला जागा उरत नाही.

मोजण्यासाठी गवंड्याची पाणसळ पुरेशी आहे. अंतर जास्त असेल तर पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांच्या पातळ्या जुळवण्याची जुनी पद्धत अधिक भरवशाची असते. दोन्ही ठिकाणी समान पातळीच्या खुणा कराव्यात, मग टोकाकडील खुणेपासून हिशेबाने आलेला फरक खाली मोजून दुसरी खूण करावी आणि दोन बिंदूंमध्ये सूत ताणून रेघ मारावी. पाइप त्या रेघेवरच बसला पाहिजे. नजरेने उतार आखू नये. उद्यमनगरातील कारखान्यांत लेथ यंत्र बसवताना लेव्हल लावल्याशिवाय पुढचे काम करत नाहीत, आणि ड्रेन पाइपलाही तीच शिस्त लावायला हवी. कौलारू घराच्या पन्हळीला मध्येच पोट सुटले की पाणी कुठे सांडते, हे आपण लहानपणापासून पाहिले आहे. इथे फरक एवढाच की सांडलेले पाणी घराच्या आत येते.

टोक ठरले आणि उतार आखला, की इनडोअरची जागा बहुतेक वेळा आपोआप ठरते. ती शक्यतो बाहेरच्या भिंतीवर आणि टोकाच्या जवळ असावी. पलंगाच्या बरोबर वर किंवा टीव्हीच्या वर इनडोअर घेऊ नये, कारण चांगल्या कामातही कधीतरी पाइप तुंबतोच.

भोक, प्लेट आणि पाइप

भिंतीतील भोक साधारण ६५ ते ७० मिलिमीटर व्यासाचे घेतात. त्याचे बाहेरचे तोंड आतल्यापेक्षा खाली असावे. नऊ इंची भिंतीला पाच ते दहा मिलिमीटर फरक चालतो, पण वाड्याच्या दोन फुटी भिंतीला दीड ते दोन सेंटिमीटर ठेवावा. अशा जाड भिंतीत भोक पाडल्यावर आतली माती सुटत राहते, म्हणून आत पीव्हीसीचा तुकडा बसवून मगच पाइप ओवावेत. कॉलम किंवा बीममधून भोक पाडण्याची वेळ आली तर काम थांबवून जागा बदलावी.

इनडोअर ज्या लोखंडी प्लेटवर टांगतात ती पाणसळीत असावी. पाण्याच्या तोंडाकडे एक-दोन मिलिमीटर झुकली तर हरकत नाही, पण उलट दिशेला मुळीच झुकू नये. बऱ्याच यंत्रांच्या ट्रेला डावीकडे आणि उजवीकडे अशी दोन तोंडे असतात, त्यांतील एकाला पाइप जोडतात आणि दुसऱ्याला रबरी बूच लावतात. पाइपची बाजू बदलताना ते बूच काढून पलीकडे लावायचे राहून गेले, की नवाकोरा एसी पहिल्याच रात्री भिंतीवर पाणी सोडतो. मेकॅनिक इनडोअर प्लेटवर चढवण्यापूर्वी बूच घट्ट बसले आहे का, हे स्वतः बोट लावून पाहावे.

इनडोअरला जोडलेली नळी साधारण १६ मिलिमीटरची, नालीदार आणि लवचिक असते. तीच पुढे लांबवत नेण्याची पद्धत सर्रास आहे आणि बहुतेक तक्रारी तिथेच सुरू होतात. लवचिक नळी दोन क्लॅम्पच्या मध्ये झोळ धरते, तिच्या वळ्यांमध्ये घाण अडकते आणि बाहेरच्या उन्हात ती दोन-तीन वर्षांत कडक होऊन तडकू शकते. लवचिक भाग भिंतीपलीकडे लगेच संपवावा आणि तिथून पुढे २० किंवा २५ मिलिमीटरचा कडक पीव्हीसी पाइप घ्यावा. दर पाऊण ते एक मीटरवर क्लॅम्प मारावा. जोड देताना वरच्या बाजूचा पाइप खालच्या बाजूच्या पाइपात शिरला पाहिजे. उलट जोडला तर सांध्यातून गळती होते. काटकोनी एल्बो शक्य तितके कमी वापरावेत, त्याऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड घ्यावेत. एखाद्या वळणावर टी आकाराचा जोड लावून वरचे तोंड टोपीने बंद ठेवले तर पुढे साफसफाईला तेच तोंड उपयोगी पडते. साधा गार्डन पाइप ओढून लावणे मात्र मान्य करू नये, तो उन्हात मऊ पडतो आणि वळणावर दुमडतो.

तांब्याचे दोन पाइप, वायर आणि ड्रेन यांना एकत्र टेप गुंडाळतात, तेव्हा ड्रेन सर्वांत खाली राहिला पाहिजे. तो वर गेला तर गुंडाळीत जागोजागी उंचवटे येतात. टेप इतका आवळू नये की नळी चपटी होईल. खोलीच्या किंवा सीलिंगच्या आतून जाणाऱ्या ड्रेन पाइपवर नायट्रिल रबराचे इन्सुलेशन चढवावे, कारण आतले पाणी थंड असल्यामुळे दमट हवेत पाइपलाच बाहेरून घाम येतो. पाइप कुठेही फुटलेला नसताना पीओपीवर पिवळे डाग पडतात, त्यामागे पुष्कळदा हेच असते. घराबाहेरच्या भागाला हे आवरण लागत नाही.

काही जण नळाखालील बेसिनप्रमाणे ड्रेनलाही यू आकाराचे वळण देतात. भिंतीवरच्या स्प्लिट एसीला ते देऊ नये, तिथे ते फक्त घाण साठवते. सीलिंगमधील डक्टेड, म्हणजे नळकांड्यांतून खोल्यांत हवा सोडणाऱ्या, यंत्राची गोष्ट वेगळी आहे. त्यातील पंखा ट्रेजवळची हवा जोराने आत ओढत असल्यामुळे पाणी बाहेर पडण्यासाठी योग्य उंचीचा ट्रॅप, म्हणजे असेच यू आकाराचे वळण, लागतो, आणि तो त्या यंत्राच्या माहितीपत्रकाप्रमाणेच करावा.

दोन-तीन खोल्यांचे पाणी एका उभ्या पाइपात सोडायचे असेल तर उभा पाइप ३२ किंवा ४० मिलिमीटरचा घ्यावा, प्रत्येक जोड वाय आकाराच्या फिटिंगने वरून खाली येणारा द्यावा आणि वरचे टोक हवेसाठी उघडे ठेवावे. उतार मिळणे खरोखर अशक्य असेल तरच छोटा ड्रेन पंप लावावा. त्याचा फ्लोट (पाण्यावर तरंगणारा भाग) अडकला किंवा मोटर बंद पडली तर पाणी वर येते, म्हणून पाणी चढल्यावर एसी आपोआप बंद करणारी जोडणी असलेलाच पंप घ्यावा.

पाणी ओतून पाहिल्याशिवाय काम ताब्यात घेऊ नका

या सगळ्या लेखातील एकच पायरी पाळायची झाली तर ही पाळावी. एमसीबी (एसीचा वीजपुरवठा तोडणारा खटका) बंद करून, फिल्टर काढून, कॉइलच्या खालच्या भागावर एक लिटर पाणी बारीक धारेने सोडावे. धार विजेच्या कार्डाच्या (सर्किट बोर्डाच्या) बाजूला जाऊ देऊ नये, आणि म्हणून हे काम मेकॅनिकच्या हातूनच करून घ्यावे. घरातील दुसऱ्या माणसाने बाहेर टोकाशी भांडे धरून थांबावे. थोड्याच वेळात धार सुरू झाली पाहिजे आणि पाऊण लिटरच्या वर पाणी भांड्यात आले पाहिजे. पाणी थांबून थांबून, गुडगुड आवाज करत येत असेल तर मध्ये कुठेतरी झोळ आहे किंवा टोक बुडालेले आहे. ही चाचणी टेप गुंडाळण्याआधी, भोक बुजवण्याआधी आणि पीओपीची पाटी चढवण्याआधी व्हावी. मेकॅनिकला पुढच्या घरी जायची घाई असते, ते स्वाभाविक आहे, तरीही शेवटचे पैसे देण्याआधी या दहा मिनिटांचा आग्रह धरावा.

चाचणी नीट झाली की भोक दोन्ही बाजूंनी पुट्टीने बंद करावे. उघडे राहिले तर बाहेरची दमट हवा आत येते आणि थंड पाइपांवर घाम धरते.

आत पाणी ठिबकू लागले तर

आधी एसी बंद करावा, मग फिल्टर पाहावा. फिल्टर धुळीने भरला की हवा कमी जाते, कॉइलवर बर्फ धरतो आणि एसी बंद केल्यावर तो एकदम वितळून ट्रेबाहेर सांडतो. गॅस कमी झाला तरी बर्फ धरतो, आणि थंडावाही कमी झालेला जाणवतो. फिल्टर स्वच्छ आहे, थंडावा नीट आहे आणि तरीही पाणी आत येते, तर बाहेरच्या टोकाला धार आहे का ते पाहावे. धार नसेल तर पाइप तुंबला आहे असे समजावे. टोकाला ओला कपडा गुंडाळून व्हॅक्यूम क्लीनरने ओढले तर पुष्कळदा घाणीचा गोळा निघून येतो, मात्र व्हॅक्यूम पाणी ओढणारा असावा. आतल्या बाजूने उकळते पाणी किंवा ब्लीच ओतू नये. उकळत्या पाण्याने प्लास्टिकचा ट्रे वाकडा होतो आणि ब्लीचने कॉइल खराब होते.

हवेच्या पट्ट्यांवरून थेंब पडत असतील आणि बाहेर धार चांगली असेल तर दारे-खिडक्या उघड्या नाहीत ना, ते तपासावे. पावसाळ्यात स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट चालू असताना बंद खोलीतील एसी गुडगुडू लागला, तर एक्झॉस्ट ड्रेन पाइपमधून हवा खेचत आहे. अशा वेळी खिडकीची एक फट उघडली की आवाज थांबतो.

वर्षभराची निगा

फिल्टर वापराच्या दिवसांत दर पंधरा दिवसांनी धुवावा. कारखान्यांचा गाळप हंगाम आणि गुऱ्हाळे सुरू असतात त्या महिन्यांत उसाच्या शिवारालगतच्या घरांत चिपाडाची बारीक काळी राख उडून येते, आणि ती फिल्टरमधून निसटून ट्रेमध्ये बसली की ओल्या चिखलासारखी घट्ट होते. अशा घरांनी हंगाम संपल्यावर, मार्चमध्ये, एकदा ट्रेसह पूर्ण सर्व्हिसिंग करून घ्यावे. वर्षातून दुसरी सफाई पावसाळ्याच्या तोंडावर करावी.

टोकाखाली बादली ठेवून पाणी वापरणे चांगले आहे. या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून फरशी पुसायला, संडासात टाकायला आणि फुलझाडांना ते चालते. कॉइलवरची धूळ, जंतू आणि धातूचे अंश त्यात उतरलेले असल्यामुळे ते पिऊ नये, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीतही घालू नये. बादली रोज रिकामी करावी. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात, म्हणून आठवड्यातील कोरड्या दिवशी, म्हणजे पाण्याची भांडी रिकामी करण्याच्या दिवशी, टाकीबरोबर ही बादलीही घासून पालथी घालावी.

हिवाळ्यात एसी महिनोन् महिने बंद राहतो, आणि त्या काळात टोकाच्या उघड्या तोंडात कुंभारीण माशी मातीचे घर बांधते किंवा कोळी जाळे विणतो. टोकाला मोठ्या छिद्रांची जाळी लावल्याने हे बरेचसे टळते. बारीक जाळी लावू नये, तीच पुढे तुंबते. उन्हाळ्यात पहिल्यांदा एसी लावण्याआधी एमसीबी बंद ठेवून पुन्हा एकदा ट्रेमध्ये तांब्याभर पाणी सावकाश ओतून घ्यावे आणि बाहेर टोकाशी जाऊन पाहावे. पाणी आले तर एसी सुरू करावा, आले नाही तर मेकॅनिक येऊन जाईपर्यंत पंख्यावर भागवावे.